दहा पाकिटांची सरासरी ४९७.५ आली. मशीन खोटं की हिशोब खोटा?

भाजणीवाली

नमस्कार मंडळी. एरवी पाककृतीच्या धाग्यांवर असते, आज गणिताचं दुखणं घेऊन आलेय.

आमचा थालीपीठ भाजणीचा छोटा घरगुती धंदा आहे. आत्तापर्यंत मी आणि जाऊबाई डावाने भरायचो आणि काट्यावर चिमूट-चिमूट कमीजास्त करायचो. या श्रावणात पावडर भरायचं जुनं मशीन घेतलं. वर हॉपर, आत फिरणारा स्क्रू, खाली पाकीट धरायचं. ५०० ग्रॅमला लावून दिलंय. परवा संध्याकाळी सहज दहा पाकिटं काट्यावर ठेवली. रिकामं पाकीट ठेवून काटा आधी शून्य केला होता, त्यामुळे ही नुसत्या भाजणीची वजनं आहेत:

४९८, ५०३, ४९४, ४९७, ५०१, ४९२, ४९९, ४९६, ५००, ४९५

सरासरी ४९७.५. लेक एफ.वाय.ला आहे, विषय सांख्यिकी. तिने वहीत काहीतरी मांडलं आणि जाहीर केलं, "आई, शून्य परिकल्पना नाकारली." दीर म्हणतात, दहा पाकिटांवरून काय कळतंय, हजार मोजा मग बोला. मशीनवाला फोनवर म्हणतो, "अडीच ग्रॅम ना ताई? ते तर हवेचं असतं." आणि त्याच्या नुसत्या येण्याचे बाराशे.

बोलावू की नको? आणि लेक नेमकं काय म्हणतेय ते कुणी मराठीत सांगेल का? तिला विचारलं की ती चिडते.

चहाबाज

पहिला! ताई, पाकिटं इकडे पाठवा, मी स्वतंत्र यंत्रणेमार्फत वजन करून कळवतो. थालीपिठं लावूनच.

टिंबटिंब

वाचतोय. बारावीत ज्या विषयाला ३६ पडले तो इथे पुन्हा भेटला.

निवृत्त_मास्तर

ताई, लेक शहाणी आहे. सावकाश सांगतो.

तुम्हाला दहा पाकिटांत रस नाही. ती आज ना उद्या कुणाच्या तरी तव्यावर जाणार. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे मशीन या सेटिंगवर जी सगळी पाकिटं भरेल, कालची, आजची, उद्याची, त्यांची सरासरी ५०० आहे का. या 'सगळ्यां'ना पुस्तकात समष्टी म्हणतात. ती कधीच पूर्ण मोजता येत नाही, म्हणून दहावर काम भागवायचं.

लेकीने सुरुवातीला मशीनवर विश्वास टाकला: 'खरी सरासरी ५०० च आहे, ४९७.५ हा योगायोग.' ही शून्य परिकल्पना. मग तिने विचारलं, असा योगायोग किती वेळा घडेल? त्यासाठी पाकिटं आपसांत किती हलतात ते लागतं. प्रत्येक वजन सरासरीपासून किती लांब आहे ते काढा, वर्ग करा, बेरीज करा. १०२.५ येते. तिला ९ ने भागा, वर्गमूळ घ्या: ३.३७. याला प्रमाण विचलन म्हणतात. म्हणजे एखादं पाकीट सरासरीच्या सव्वातीन-साडेतीन ग्रॅम इकडेतिकडे असणं ही या मशीनची रोजची चाल.

पण दहाची सरासरी एकट्या पाकिटाइतकी हलत नाही, कारण जड आणि हलकी एकमेकांना सांभाळून घेतात. ३.३७ ला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने, भागा. १.०७ ग्रॅम. हा सरासरीचा डळमळीतपणा. तुमची सरासरी ५०० पासून २.५ लांब आहे, म्हणजे अशा २.३४ डळमळी लांब. या आकड्याला 'टी' म्हणतात. टीच्या कोष्टकात स्वातंत्र्य मात्रा ९ (पाकिटांपेक्षा एक कमी) आणि सार्थकता पातळी ५ टक्के (चांगल्या मशीनवर शंभरात पाचदा खोटा आळ आला तरी चालेल) या जागी आकडा आहे २.२६२. आपण त्याच्या पलीकडे गेलो. म्हणून 'नाकारली'.

टिंबटिंब

मास्तर, ९ ने का? पाकिटं तर दहा आहेत. याच प्रश्नावर माझे चार मार्क गेले होते.

निवृत्त_मास्तर

कारण सरासरी त्याच दहांतून काढली. दहांची सरासरी ४९७.५ ठरली की नऊ पाकिटं मनाला येईल तशी असू शकतात, दहाव्याला पर्याय उरत नाही. पंगतीत नऊ जण बसले की दहाव्याला उरलेल्याच पाटावर बसावं लागतं, तसं.

बेभरवशाचा

कोष्टकं बिष्टकं कशाला? १.९६ लक्षात ठेवा. २.३४ त्याहून मोठं, विषय संपला. आमच्या ऑफिसात सगळे १.९६ च लावतात.

निवृत्त_मास्तर

तुमच्या ऑफिसात नमुने शेकड्यांनी असतील म्हणून खपतं. १.९६ कधी चालतो? मशीनची खरी चाल आधीपासून पक्की ठाऊक असेल, नाहीतर नमुना मोठा असेल तेव्हा. इथे ती चाल आपण दहाच पाकिटांवरून अंदाजली, तो अंदाजही डळमळीत. म्हणून उंबरठा उंच लागतो, २.२६२. पाच पाकिटं असती तर २.७७६.

ही गोष्ट ज्याने शोधली तो कॉलेजात शिकवणारा नव्हता. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता, विल्यम सीली गॉसेट. बार्ली, हॉप्स यांचे नमुने हातात चार-पाचच यायचे आणि मोठ्या नमुन्यांची सूत्रं तिथे लंगडी पडायची. त्याने ३००० कैद्यांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पिसली, चार-चारचे ७५० गठ्ठे केले आणि प्रत्येकाची सरासरी कशी नाचते ते पाहिलं. संगणक नाही, काही नाही. १९०८ साली लेख छापला, तोही 'स्टुडंट' या टोपणनावाने, कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे. म्हणून ती 'स्टुडंटची टी'.

चहाबाज

म्हणजे भाजणीचा प्रश्न बिअरवाल्याने सोडवला. आजी कुठे असेल तिथून बघत असेल.

मुक्कामपोस्ट_न्यूजर्सी

टोपणनावाने लिहून अजरामर. इथल्या समस्त आयडींना आशा आहे म्हणायची.

रानवारा

मला एवढं कळलं: पी-व्हॅल्यू ०.०४४ येते (मी एक्सेलमध्ये टाकून बघितलं). म्हणजे मशीन बरोबर असण्याची शक्यता ४.४ टक्के आणि बिघडलेलं असण्याची ९५.६. ताई, बोलवा मेकॅनिकला.

सांख्यिकी_सुमन

थांबा थांबा, रानवारा. ही चूक मी एम.एस्सी. झालेल्यांकडून ऐकलीय, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

०.०४४ चा अर्थ: मशीन अगदी बरोबर आहे *असं धरलं*, तर दहाची सरासरी एवढी किंवा याहून लांब जाण्याचे प्रसंग शंभरात चार-साडेचार. यात मशीन बरोबर असण्याची शक्यता कुठेच मोजलेली नाही, ती तर गृहीतच धरलीय. सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून दुकान बंद दिसलं की सोमवारच असेल असं नाही. दिवाळीचा पाडवाही असू शकतो.

मशीन बिघडलेलं असण्याची शक्यता हवी असेल तर अशी जुनी मशीनं मुळात किती वेळा बिघडतात हेही धरावं लागेल. आणि जुनं घेतलंय म्हणताय, तेव्हा माझा कल कुठे आहे ते सांगत नाही.

बेभरवशाचा

मग पाचच टक्के का? सहा का नाही? ०.०४४ म्हणजे काठावर पास. एक टक्का लावला तर उंबरठा ३.२५० आणि मशीन निर्दोष सुटतं. आपण ठरवू तसा निकाल!

सांख्यिकी_सुमन

बरोबर पकडलंत. पाच टक्क्यांत पवित्र काही नाही. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२५ च्या पुस्तकात विसात एक ही मर्यादा सोयीची म्हणून वापरली आणि पुढे लोकांनी तिचं सोवळं केलं. पातळी *आधी* ठरवायची, चूक झाली तर काय जाईल ते बघून. इथे चांगल्या मशीनवर खोटा आळ आला तर बाराशे रुपये जातील. विमानाचा पंखा असता तर गोष्ट वेगळी.

निकाल बघून पातळी ठरवणं मात्र भिंतीवर बाण मारून मग त्याच्याभोवती वर्तुळ काढण्यासारखं.

कोकणातली_शेवंता

मला एक विचारायचंय. कमी भरलं तरच बोंब ना? जास्त भरलं तर गिऱ्हाईक खूश. मग एकाच बाजूचं बघा की.

टिंबटिंब

आला, शेपटांचा प्रश्न आला. एक शेपूट की दोन? सर हा धडा शिकवत होते तेव्हा अख्खा वर्ग हसत होता आणि मी बाहेर उभा होतो.

निवृत्त_मास्तर

शेवंताबाई, प्रश्न रास्त आहे. एकाच बाजूने पाहिलं तर उंबरठा १.८३३ वर येतो आणि मशीन आणखी ठळकपणे दोषी ठरतं. गिऱ्हाइकाने चाचणी केली तर तो एकच बाजू बघेल. पण ताई मालकीण आहेत. पाकिटामागे चार ग्रॅम जास्त गेले तर महिन्याला किती भाजणी फुकट वाटली त्याचा हिशोब त्यांनाच द्यायचाय. त्यांच्यासाठी दोन्ही बाजू. सरासरी खाली दिसली म्हणून मागाहून एकच बाजू निवडणं, हे सुमनताईंचं भिंतीवरचं वर्तुळच.

मी असतो तर 'दोषी-निर्दोष' म्हटलंच नसतं. एवढंच सांगितलं असतं: खरी सरासरी ४९५.१ ते ४९९.९ या पट्ट्यात असावी, ९५ टक्के विश्वासाने. पट्ट्याचं वरचं टोक ५०० ला जेमतेम शिवत नाही. या एका ओळीत काठावरचं पास होणंही दिसतं आणि किती ग्रॅमचा मामला आहे तेही.

वजनकाटा

उशिरा आलो. वजनमाप खात्यातून निवृत्त, म्हणून राहवत नाही.

ताई, बंद पाकिटांसाठी २०११ चे नियम आहेत. तपासणीत दोन गोष्टी बघतात. एक, नमुन्याची सरासरी छापील वजनाच्या खाली आहे का. दोन, एखादं पाकीट मर्यादेपलीकडे हलकं आहे का. ५०० ग्रॅमला ही मर्यादा १५ ग्रॅम. तुमचं सगळ्यात हलकं ४९२, त्यामुळे दुसऱ्या कलमात काळजी नाही. काळजी पहिल्याची. 'हवेचं असतं' हे उत्तर मशीनवाल्याने मला दिलं असतं तर मजा आली असती.

आणि काट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी पडताळणी, कधी झालंय? इलेक्ट्रॉनिक काट्याचं दरवर्षी करावं लागतं.

मुक्कामपोस्ट_न्यूजर्सी

ताईंच्या दिरांची बाजू कुणीच घेत नाहीये, मी घेतो. औषधाच्या गोळ्यांची वजनं तपासण्यात माझी पंधरा वर्षं गेली. दिरांचं अर्धं बरोबर आहे.

दहा पाकिटांवरून 'काहीच कळत नाही' असं नाही, कारण फरक सापडला. पण सापडला नसता तर? समजा मशीन खरोखरच दोन ग्रॅम कमी भरतंय. पाकिटं साडेतीन ग्रॅमने हलत असताना दहाच्या नमुन्यात ही चोरी निम्म्याहून जास्त वेळा हातून निसटेल, आणि आपण 'नाकारता येत नाही' असं लिहून मशीनला हार घालू. पाचात चार वेळा तरी पकडायची असेल तर साधारण पंचवीस पाकिटं लागतात. हजार लागत नाहीत हो, दीर.

'नाकारता आलं नाही' म्हणजे 'सिद्ध झालं' नव्हे. कुत्रा भुंकला नाही म्हणून चोर आला नाही असं थोडंच आहे, कुत्रा झोपलेला असेल.

कोकणातली_शेवंता

अवांतर: भाजणीत धणे किती घालता हो? आमच्याकडे किलोला मूठभर.

चहाबाज

मूठ कुणाची? मुठीचं प्रमाण विचलन सांगा.

पुण्याची_आत्या

मूठभर धण्याने भाजणी कडवट होते. आणि उडीद वेगळे भाजायचे, ज्वारी-बाजरीबरोबर नाही. असो, तुमच्याकडे चालत असेल.

कोकणातली_शेवंता

आमच्याकडे चालतंच, पिढ्यान्‌पिढ्या. साखर घालत नाही आम्ही थालीपिठात.

सोयाबीनवाला

धण्याचं भांडण चालू द्या, मी सरासरीवर माझी भडास काढतो.

आमच्याकडे पीकविम्याचं मुख्य गणित सरासरीवर. महसूल मंडळात दहाएक पीक कापणी प्रयोग. शेत निवडायचं, त्यात दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं. सगळ्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे विम्यासाठी आधी ठरवलेल्या उताऱ्याच्या, खाली गेली तरच ती भरपाई. एका वर्षी ओढ्याचं पाणी माझ्या शेतात चार दिवस उभं होतं, शेंगा जागेवर कोंबाळल्या. मंडळाची सरासरी मात्र उंबरठ्याच्या वर. माळावरच्यांना बरं पिकलं होतं. माझा उतारा एकरी दीड क्विंटल, आणि कागदावर मी 'सरासरी' शेतकरी.

चाचणी बरोबर असेल हो तुमची. पण सरासरी कुणाच्या घरी जेवायला येत नाही.

सांख्यिकी_सुमन

सोयाबीनवाले दादा, या कापणी प्रयोगांच्या मागे आपल्याच मातीतला माणूस आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. फर्ग्युसनमधून लंडनला गेले आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. परिकल्पना चाचणीचं आजचं रूप, दोन प्रकारच्या चुका (खोटा आळ आणि निसटलेली चोरी) वगैरे, नेमान आणि ईगन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये मांडलं. सुखात्मे त्याच दोघांकडे शिकले. परत येऊन कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीची यादृच्छिक पद्धत, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड, बसवली.

त्यांचं आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचं एक गाजलेलं भांडण या धाग्यात चपखल बसतं. महालनोबिस बंगालमध्ये छोटी-छोटी वर्तुळं कापून उतारा काढत. कमी कष्ट, जास्त ठिकाणं. सुखात्म्यांचं म्हणणं, छोट्या तुकड्याला कड फार असते. कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो आणि उतारा फुगतो. अशी वर्तुळं दहा घ्या नाहीतर दहा हजार, फुगवटा तसाच. उलट नमुना जितका मोठा, तितक्या आत्मविश्वासाने तुम्ही चुकता.

दादांचा मुद्दाही त्यांनी वेगळ्या संदर्भात लावून धरला होता. १९७१ मध्ये दांडेकर-रथ या अर्थतज्ज्ञांनी माणशी रोजचे २२५० उष्मांक ही रेघ धरून गरिबी मोजली. सुखात्मे म्हणाले, ही सरासरी गरज आहे, तिच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? माणसामाणसात फरक असतो, एकाच माणसाची गरजही बदलते; रेघ सरासरीच्या दोन प्रमाण विचलन खाली धरा. त्यावरून पुण्यात वर्षानुवर्षं वाद झडले. मला स्वतःला ती खालची रेघ पटत नाही, सरकारला हात झटकायला बरी पडते. पण सरासरी आणि एकेकटा माणूस यांची गल्लत करू नका, हे पटतं.

टिंबटिंब

वाखुसा (वाचनखूण साठवली). मास्तर आणि सुमनताई तेव्हा शिकवायला असत्या तर ३६ चे निदान ४० झाले असते.

पुण्याची_आत्या

मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण एक विचारते. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं. पण शीत कुठलं घेतलं? वरचं घेतलं तर कच्चं, तळाचं घेतलं तर लागलेलं. भाजणीवाली, तुझी ती दहा पाकिटं कुठली होती?

भाजणीवाली

बाई गं.

आत्या, शेवटची दहा. दिवसभराची २९० बॉक्समध्ये भरून, टेप लावून झाली होती. ही दहा टेबलावर उरली म्हणून काट्यावर ठेवली.

निवृत्त_मास्तर

दंडवत आत्या. मी चार परिच्छेद लिहिले आणि हा प्रश्न विचारला नाही. ३७ वर्षं वर्गात फळ्यावर लिहीत आलो, 'यादृच्छिक नमुना घेतला आहे असे समजा'. समजायची सवय लागते.

गिरणीवाला_पोऱ्या

मग सगळं उघड आहे. आमच्याकडे मसाल्याला असंच मशीन आहे. तो स्क्रू वजन करत नाही, ठरलेले फेरे मारतो. एका फेऱ्यात जागा तेवढीच, पण त्या जागेत पीठ किती दाबून बसलंय त्यावर वजन. हॉपर भरलेला असला की वरच्या पिठाच्या भाराने खालचं दबतं, पाकीट जड. हॉपर तळाला गेला की पीठ भुसभुशीत, पाकीट हलकं. ताजं गरम दळण असेल तर आणखीनच फुगलेलं. तुमच्या दहा पाकिटांच्या वेळी हॉपर रिकामा होत आला असणार.

मेकॅनिकला बोलावू नका. तो येऊन फेरे वाढवून जाईल आणि सकाळची पाकिटं ५०७ ची निघतील.

भाजणीवाली

हॉपर सकाळी एकदा काठोकाठ भरतो, मग दुपारी जाऊबाई अर्धा भरतात, मग संपेपर्यंत तसाच. उद्या दिवसभरात दर दहावं पाकीट बाजूला काढून वजन करते. दीर स्वतः वही घेऊन बसणार आहेत. 'हजार नाहीत, तीसच?' म्हणाले, पण तयार झाले.

बेभरवशाचा

पैज. सरासरी ५०० च येणार आणि लेकीची परिकल्पना नाकारणं नाकारलं जाणार.

चहाबाज

हे वाक्य उलगडायला मला आणखी एक चहा लागेल.

भाजणीवाली

मंडळी, आकडे आले. उशीर झाला, मध्ये गौरीची ऑर्डर होती.

तीस पाकिटांची सरासरी ५००.८, प्रमाण विचलन ४.६. लेकीने काढलेली टी ०.९५, कोष्टकातला आकडा २.०४५. म्हणजे ५०० हे नाकारता येत नाही. (न्यूजर्सी दादा, 'सिद्ध झालं' असं मी म्हणत नाहीये, कुत्रा लक्षात आहे.) बेभरवशाचा, पैज जिंकलात, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पण दिरांनी वहीत ओळीने लिहिलं होतं म्हणून लेकीने दहा-दहाचे तीन गट केले. सकाळची दहा: सरासरी ५०४.६. मधली दहा: ५०१.३. शेवटची दहा: ४९६.५. सगळ्यात हलकं ४९१, तेही अगदी शेवटी. मशीन सकाळी दानशूर आणि संध्याकाळी चिक्कू. दिवसाची सरासरी काढली की सज्जन.

सांख्यिकी_सुमन

किती सुंदर आकडे आहेत! म्हणजे लेकीची पहिली चाचणीही चुकीची नव्हती. 'हॉपर तळाला असताना भरलेली पाकिटं' ही तिची समष्टी होती आणि त्यांची सरासरी खरंच ५०० नाही. आपणच उत्तर भलत्या प्रश्नाला चिकटवलं. विचलन ३.४ वरून ४.६ वर का गेलं तेही यात आलं, तीन वेगळे ढीग एकत्र मोजले गेले.

सोयाबीनवाला

आणि ज्या दुकानात शेवटचा बॉक्स गेला त्याच्या गिऱ्हाइकाला सगळीच हलकी पाकिटं. तो माझा ओढ्याकाठचा भाऊ.

भाजणीवाली

अगदी. शेवटचा बॉक्स बहुतेक कोपऱ्यावरच्या एकाच दुकानात जातो, जवळ म्हणून.

आता हॉपरला आतून लाल रंगाने रेघ ओढलीय, अर्ध्याच्या थोडी वर. पीठ रेघेखाली गेलं की भरायचं. दळण रात्रभर परातीत पसरून गार करून मगच ओतायचं. शेवटचं रेघेखालचं उरेल ते डावाने, जुन्या पद्धतीने. जाऊबाई म्हणाल्या, मग मशीन कशाला घेतलं?

गिरणीवाला_पोऱ्या

रेघ थोडी आणखी वर घ्या, आणि हॉपरला मधूनमधून बाहेरून थापटत जा. कडेला पीठ धरून बसतं.

कोकणातली_शेवंता

आणि धणे?

भाजणीवाली

किलोला पन्नास ग्रॅम, काट्यावर मोजून. आत्या, उडीद वेगळेच भाजते.

वजनकाटा

सगळ्यांचं झालं असेल तर माझा प्रश्न अजून तसाच आहे. काट्याचं पासिंग कधीचं? चाळीस पाकिटं ज्याच्यावर मोजली त्याच्याबद्दल कुणीच काही बोलेना.

भाजणीवाली

काका, आत्ता खाली उतरून काट्याची मागची बाजू बघून आले. गेल्या महिन्यात संपलंय.

वजनकाटा

घाबरू नका, मुदत संपली म्हणजे काटा चुकला असं नाही. अर्धा किलोचं शिक्क्याचं वजन कुणाकडे असेल तर ठेवून बघा. मधोमध एकदा आणि चारही कोपऱ्यांवर एकेकदा.

भाजणीवाली

वाण्याकडून आणलं. मधोमध ५००. तीन कोपऱ्यांवर ५००. डाव्या मागच्या कोपऱ्यावर ४९९. दीर म्हणतायत त्यांनी तीसही पाकिटं मधोमधच ठेवली होती. आधीची दहा मी कुठे ठेवली ते मला आठवत नाही. उद्या सकाळी पासिंगला नेते.